गारठलेल्या राजकन्येची गोधडी

झोपलात का सगळे? नाही ना? मग सरका जरा, मला टेकू द्या. हं, ऐका.

एक होता राजा. त्याला एकच लेक होती, तिचं नाव शेवंती. आठ वर्षांची पोर. एकदा काय झालं, तिची आई, म्हणजे राणी, आजारी पडली आणि देवाघरी गेली. त्या दिवसापासून शेवंतीला थंडी वाजायला लागली. आधी पायांची बोटं गार पडली. मग गुडघे गार पडले. मग कंबर. तिनं दुधाचा पेला हातात धरला की दुधाचा दगड व्हायचा. शेगडी जवळ नेली की निखारे काळे पडायचे. हळूहळू तिनं बोलणंही सोडलं.

राजवैद्यांनी नाडी पाहिली. राजाला बाजूला घेऊन म्हणाले, "महाराज, ही थंडी वर चढते आहे. काळजाला पोचली, तर पोर हाती लागायची नाही."

मग राजानं काश्मीरहून शाली आणवल्या. गार पडल्या. धनगरांकडून जाड घोंगड्या आणवल्या. त्याही गार पडल्या. कापसाच्या गाद्यांवर गाद्या घातल्या, तर गाद्यांवर दहिवर साचलं. राजाला काही सुचेना.

आता त्याच राज्यात, लांब डोंगराच्या कुशीत एक खेडं होतं. तिथं गोजराबाई राहायची. सगळं गाव तिला गोजरामावशी म्हणायचं. तिच्या हाताची सर कुणाला नव्हती, बरं का. तिनं भाचीच्या बाळाला कुंची शिवली, तर ते रडकं बाळ कुणाच्याही मांडीवर खुदकन हसायला लागलं. नणंदेला बटवा शिवला, तर त्यातली सुपारी म्हणून संपेना. शेजारच्या म्हाताऱ्या गुरवाला गोधडी शिवली, आणि त्याचे गुडघे दुखायचे थांबले. म्हातारा तुरूतुरू देवळाच्या पायऱ्या चढायला लागला. गोजरामावशी कधी काही विकायची नाही. शिवायची ती आपल्या माणसांसाठी. आणि कुणी कौतुक केलं की मान ताठ करून म्हणायची, "हात कुणाचा आहे?"

ही कीर्ती राजाच्या कानावर गेली. त्यानं कारभाऱ्याला पालखी घेऊन पाठवलं. कारभारी म्हणाला, "बाई, राजकन्येसाठी गोधडी हवी आहे. आठ दिवसांत."

"आठ कशाला, चार दिवस पुरेत," गोजरामावशी म्हणाली. आपली गोधडी राजवाड्यात जाणार, याचाच तिला केवढा आनंद झाला होता. अख्खं गाव वेशीपर्यंत पोचवायला आलं. पालखीत ती अशी बसली, जणू तीच राणी.

राजवाड्यात तिला वेगळा महाल दिला. नवं कोरं रेशीम दिलं, मखमल दिली, जरीचे काठ दिले. गोजरामावशी शिवायला बसली. चार दिवस मान वर केली नाही. टाके असे बारीक, जशी मुंग्यांची रांग. गोधडी झाली तेव्हा दासी बघतच राहिल्या. कारभारी म्हणाला, "असं काम मी जन्मात पाहिलं नाही."

मग ती गोधडी शेवंतीच्या अंगावर घातली. आणि काय सांगू, बघता बघता ती पत्र्यासारखी ताठ झाली. उचलली तर खळ्ळकन वाजली. आणि थंडी कमरेपासून छातीपर्यंत चढली.

कारभारी म्हणाला, "हाच का तो हात?"

नाही रे, राजानं तिला काही केलं नाही. चांगला होता तो. नुसता म्हणाला, "जा बाई घरी. तुझा इलाज नाही."

गोजरामावशीनं ती गोधडी काखेत मारली आणि निघाली. आजवर तिचं शिवलेलं कुणी परत केलं नव्हतं. डोळ्यांना धारा लागल्या होत्या. महादरवाज्यापाशी ती दमून पायरीवर बसली. गोधडी उलटीसुलटी करून पाहिली. टाका कुठं चुकला नव्हता. मग ती स्वतःशीच म्हणाली, "गोजरे, ही तू कुणासाठी शिवलीस? लोकांनी वाहवा करावी म्हणून शिवलीस. त्या पोरीला आधी एकदा पाहिलंस तरी का?"

पाहिलं नव्हतं, बरं का. चार दिवसांत एकदाही नाही.

तिथंच बसून तिनं सगळे टाके उसवले. एक अन् एक. मग उठली आणि सरळ राजासमोर जाऊन उभी राहिली.

"महाराज, चूक माझी आहे. मला त्या लेकराजवळ बसू द्या. ती माझी झाली, की गोधडी होईल."

"किती दिवस लागतील?" राजानं विचारलं.

"ते तीच सांगेल."

राजानं मान डोलावली. दुसरं करणार तरी काय?

मग गोजरामावशी शेवंतीच्या पलंगाशी जमिनीवर बसली. तिनं एक छोटा बटवा शिवला. त्यात पाच सागरगोटे घातले आणि एकटीच खेळत बसली. वर फेकायची, झेलायची. एक दिवस गेला, दोन दिवस गेले. शेवंती नुसती बघायची. तिसऱ्या दिवशी एक सागरगोटा मावशीच्या हातून निसटला आणि पलंगावर पडला. शेवंतीनं तो उचलला. वर फेकला. झेलला. मावशीनं उरलेले चार तिच्यापुढे ठेवले. दोघी सांजेपर्यंत खेळल्या. आणि थंडी छातीवरून कमरेवर उतरली.

मग मावशीनं चिंध्यांची बाहुली शिवली. तिला डोळे काढले, केस लावले. शेवंती वाकून वाकून बघत होती. एकदम म्हणाली, "तिला मोठं कुंकू लाव. आईसारखं."

दोन महिन्यांनी पोर बोलली होती. दाराशी उभ्या दासीच्या हातून तांब्या पडला. मावशीनं शांतपणे लाल दोरा ओवला आणि मोठं कुंकू काढलं. "आणखी कशी होती ग आई?"

मग शेवंती सांगायलाच लागली. आई जात्यावरच्या ओव्या म्हणायची. आईला कैरी आवडायची. थंडीत आई तिला मांडीत घेऊन लुगड्याचा पदर गुंडाळायची, आणि पदराला वेखंडाचा वास यायचा. सांगता सांगता शेवंती रडायला लागली. राणी गेल्यापासून ती रडलीच नव्हती. मावशीनं तिला पोटाशी धरलं. पोर बर्फासारखी होती, पण अश्रू ऊन होते. थंडी कमरेवरून गुडघ्यावर उतरली.

आता मावशीला कळलं, गोधडीला कापड कोणतं लागणार ते. ती राजाकडे गेली. "महाराज, राणीसाहेबांची लुगडी कुठं आहेत?"

राजाचा चेहरा उतरला. राणीची सगळी लुगडी त्यानं एका शिसवी पेटीत ठेवली होती आणि किल्ली स्वतःच्या गळ्यात बांधली होती. पेटी उघडायचा त्याला धीर होत नव्हता.

"त्यांना कात्री लावणार?" तो म्हणाला. "तेवढीच तर उरली आहेत माझ्याजवळ."

"शेवंती उरली आहे, महाराज," मावशी म्हणाली.

मग राजानं गळ्यातली किल्ली काढली आणि स्वतःच्या हातानं पेटी उघडली. वेखंडाचा वास महालभर पसरला. शेवंती धावत आली. धावत, बरं का. तिनं हिरवं लुगडं काढलं, जांभळं काढलं आणि रोजच्या वापरातलं, विरलेलं चौकटीचं काढलं. राजानं आपलं जुनं धोतर आणून दिलं. म्हणाला, "माझंही घाल काहीतरी."

मग काय, धोतर आत, लुगडी बाहेर, अशी गोधडी मांडली. मावशी टाके घालायची, शेवंती सुईत दोरा ओवून द्यायची आणि राजा कडेला बसून काठ ताणून धरायचा. शेवटचा चौकोन मिटायच्या आधी मावशीनं आत चार दाणे तांदूळ ठेवले. गोधडी उपाशी राहू नये म्हणून.

गोधडी झाली. शेवंती तिच्यात शिरली आणि गाढ झोपली. खिडकीवरचं दहिवर वितळून ओघळायला लागलं. शेगडीतले निखारे आपोआप फुलले. सकाळी शेवंतीनं पाय बाहेर काढले आणि म्हणाली, "मावशी, मला उकडतंय."

राजा हसला आणि रडलाही. म्हणाला, "माग, हवं ते माग." मावशी म्हणाली, "मला माझ्या गावी पोचवा. आणि पोरीला एक सुई द्या."

पुढच्या वर्षी थंडी पडली. मावशी अंगणात दाणे पाखडत होती, तेवढ्यात पालखी आली. शेवंती उतरली. काखेत बोचकं. त्यात एक लहानशी गोधडी होती, तिनं एकटीनं शिवलेली. टाके कुठं वाकडे, कुठं लांब. एक कोपरा तर दुमडलेलाच.

"मावशी, तुझ्यासाठी," ती म्हणाली.

गोजरामावशीनं ती छातीशी धरली. जन्मभर तिनं सगळ्यांना गोधड्या शिवल्या होत्या. तिला कुणी शिवली नव्हती. शेजारणी जमल्या. एक हळूच म्हणाली, "टाके वाकडे आहेत ग." मावशीनं ती गोधडी दारातल्या दोरीवर उलगडून टाकली. साऱ्या गावाला दिसेल अशी. मान ताठ केली आणि म्हणाली, "असू देत. माझ्या पोरीनं शिवलीय."

मग राजा सुखानं राहिला, शेवंती सुखानं राहिली, आणि गोजरामावशी त्या वाकड्या टाक्यांखाली उबेला झोपली. तुम्हीही आता पाय आत घ्या. पांघरूण हनुवटीपर्यंत ओढा. हं, असं. मिटा डोळे.