एल्स्पेटचं उघडं दार

फार वर्षांपूर्वीची, तिकडे स्कॉटलंडात व्हिक्टोरिया राणीचं राज्य होतं तेव्हाची ही गोष्ट. किलडोरन गावात ड्यूगल्ड नावाचा एक सालगडी होता. घर मालकाचं, एका खोलीचं. बायको एल्स्पेट, आणि पाळण्यात तान्ही लेक. थंडी अशी, की आपला पौष म्हणजे तिच्यापुढे पोरखेळ.

एका वर्षी मोठं हिमवादळ आलं. मालकाची मेंढरं डोंगरावर अडकली, म्हणून ड्यूगल्ड सकाळीच तिकडे गेला. इकडे लेक तापानं फणफणली. भर दुपारी अंधारून आलं, आणि धुराड्यांतून पडलेल्या बर्फानं गावातल्या चुली विझल्या. पेटती राहिली ती एल्स्पेटची तेवढी.

शेजारणी निखारा मागायला आल्या. पण तिथली रीत अशी, की घरात कुणी आजारी असेल तर विस्तव बाहेर द्यायचा नाही. विस्तवाबरोबर आजाऱ्याचा जीवही जातो, असं मानत. द्यावा तर लेक जाणार, न द्यावा तर शेजारची पोरं गारठून मरणार. इकडे आड, तिकडे विहीर. मग एल्स्पेटनं दार सताड उघडलं आणि वादळात ओरडून सांगितलं, "विस्तव बाहेर जायचा नाही. ज्याला थंडी वाजतेय, त्यानं आत यावं."

त्या एवढ्याशा खोलीत सगळं गाव मावलं, असं म्हणतात.

पण बाई घाईत बोलली आणि तिथेच चुकली. थंडी काय जिवंतांनाच वाजते? थोड्या वेळानं दारात आणखी माणसं आली. गप्प, अनोळखी. चुलीपाशी बसली तरी त्यांच्या खांद्यांवरचा बर्फ वितळेना. शेजारी म्हणू लागले, दार लाव.

"कसं लावू? मीच बोलावलंय," एल्स्पेट म्हणाली, आणि तिनं सरकून त्यांना जागा दिली.

सगळ्यांत शेवटी ड्यूगल्ड आला. त्याच्याही खांद्यावरचा बर्फ वितळला नाही.

एल्स्पेट काय ते समजली. तिचं काळीज फाटलं, पण तिनं त्याला चुलीजवळ बोलावलं. तो गेला नाही. पाळण्यापाशी बसला आणि आपला गार हात लेकीच्या तापलेल्या कपाळावर ठेवला. वादळ शमेपर्यंत तो हात तिथून हलला नाही, असं म्हणतात. लेकीनं डोळे उघडले तेव्हा ताप उतरला होता, आणि पाळण्यापाशी कुणी नव्हतं.

किलडोरनमध्ये आजही मूल तापलं की एल्स्पेटच्या नावानं दार उघडतात, बाहेर बर्फ पडत असला तरी. पाळण्याशेजारची जागा रिकामी ठेवतात आणि आई एल्स्पेटचेच शब्द म्हणते. घरधनी बाहेर गेलेला असेल, तर मात्र ते म्हणताना तिची जीभ अडखळते. तरी ती म्हणते.