उरलेले चार मिलिमीटर

“तुझी आई काय करते?”

बालवाडीच्या बाईंनी सगळ्या मुलांना विचारलं होतं. कुणाची आई भाकरी करते, कुणाची बँकेत जाते, एकाची आई नुसती रागावते. आमची शरू उभी राहिली आणि म्हणाली, “माझी आई खोडते.”

बाईंनी हे मला हसत हसत सांगितलं. मीही हसले. आणि मग शनिवारची सगळी रात्र छताकडे बघत पडून राहिले.

पोरीचं काही चुकलं नव्हतं. गेले तीन आठवडे मी एकच नकाशा काढत होते आणि खोडत होते. पण पुढे मोठी झाल्यावर तिला आई आठवायची ती अशी? हातात खोडरबर घेतलेली? आणि मी काय सांगणार, तुझ्यासाठीच शिकत होते गं? ते तर मलाही पुरतं पटलेलं नव्हतं.

आमच्या तालुक्याच्या गावी एक कम्युनिटी कॉलेज आहे. रविवारी भरतं. लग्नात राहून गेलेली पदवी पुरी करायला मी तिथे जात होते, भूगोल घेऊन. भूगोलच का? शाळेत माझी भूगोलाची वही वर्गात फिरवायचे, इतकी स्वच्छ असायची. माझी कारणं ही अशी असतात.

प्रात्यक्षिकं घ्यायला देवरे सर होते. भूमापन खात्यात बत्तीस वर्षं शिवारं मोजून निवृत्त झालेले. बोलणं अगदी कमी.

त्या रविवारी जर्नलवर सह्या व्हायच्या होत्या. सही नाही तर परीक्षा नाही. आणि या वर्षी परीक्षा नाही झाली तर मी शिक्षण सोडेन, असं मी घरी सांगून बसले होते. सासूबाई एवढंच म्हणाल्या, “बघ बाई.” त्या ‘बघ बाई’चा अर्थ मी अजून लावते आहे.

शरूला ठेवायला कुणी नव्हतं. तिला घेऊनच गेले.

सरांनी माझा नकाशा हातात घेतला. कॉलेजच्या मैदानाचा. पाच कोपरे, पाच रेषा. कुठे डाग नाही, कुठे खाडाखोड नाही.

“किती उरलं?” सरांनी विचारलं.

“काहीच नाही, सर. बरोबर जुळलं.”

सरांनी कागद उजेडात धरला. मला वाटलं, आता शाबासकी.

“ताई, हा तुम्ही मोजलेला नाही.”

“मोजलाय, सर! तीन वेळा मोजलाय.”

“मोजला असता तर काहीतरी उरलं असतं.”

…



मोजणीचं असं असतं. तिपाईवर फळी लावायची, फळीवर कागद. एका खुंटीपासून निघायचं. पट्टीवरून पुढच्या कोपऱ्याकडे नेम धरून रेघ ओढायची, टेपने अंतर मोजून, अर्ध्या मीटरला एक मिलिमीटर धरून, त्या रेघेवर ठिपका द्यायचा, फळी उचलून तिकडे जायचं. असं करत मैदानाला वळसा घालून पुन्हा त्याच खुंटीशी यायचं. जमिनीवर आपण निघालो तिथेच आलेलो असतो. कागदावर मात्र शेवटचा ठिपका पहिल्या ठिपक्यावर बसत नाही. जवळ येतो आणि तिथेच थांबतो.

माझा तिन्ही वेळा थांबला होता. तिसऱ्या वेळी मी घरी बसून शेवटची रेघ खोडली, जरा वाकडी नेली, आणि पहिल्या ठिपक्याला जोडून टाकली. इतक्या सफाईने, की माझं मलाच कौतुक वाटलं होतं.

“सर… थोडंसंच राहिलं होतं.”

“ते आणा.”

“काय आणू?”

“राहिलेलं.”

मला काही कळेना. जन्मभर चूक लपवायला शिकले, आणि आता सर तीच मागत होते. आणि द्यायची तर कुठून? मी ती खोडलेली होती.

“अजून दोन तास आहेत,” सर म्हणाले. मग त्यांनी हात पुढे केला. “खोडरबर.”

दिला. त्यांनी तो शरूच्या हातात ठेवला.

“हा सांभाळ. आई मागेल. मी सांगेपर्यंत द्यायचा नाही.”

शरूने मूठ आवळली. “मागितलं तरी नाही?”

“मागितलं तरी नाही.”

“रडली तर?”

सरांनी माझ्याकडे पाहिलं. “रडली तरी नाही.”

फळीवर नवा कागद लावून आम्ही दोघी निघालो. झेंड्याच्या खांबाजवळची खुंटी, तिथून कडुनिंब, नळ, पाण्याची टाकी, सायकल स्टँड. टेपचं टोक खुंटीवर धरायचं काम शरूचं. ती ते नीट धरायची, मुंगळा दिसेपर्यंत. मी लांबून ओरडायची, “खुंटीवर! शरू, खुंटीवर!” ती ओरडायची, “खुंटीवरच आहे!” आणि टेप तर हलताना दिसायचा.

दोनदा खोडायला माझा हात खिशाकडे गेला. दोन्ही वेळा ती मूठ पाठीमागे लपवून उभी.

वळसा पुरा झाला. शेवटचा ठिपका दिला.

चार मिलिमीटर. म्हणजे मैदानावर पुरे दोन मीटर. आमच्या न्हाणीघराएवढी जागा मी कुठेतरी सांडून आले होते.

कागद सरांपुढे ठेवला. मान वर करायचं धाडस नव्हतं.

“उरलं,” मी म्हटलं.

“हं.” ते पहिल्यांदाच खूश दिसले. शरूला म्हणाले, “जा, खुंट्या उपटून आण सगळ्या.” ती पळाली.

मी म्हटलं, “शरूने टेप सोडला असेल, सर.”

“असेल.”

“कडुनिंबापाशी माझ्याही डोळ्यावर ऊन आलं होतं.”

“असेल.”

“नळाजवळ फळी जरा कलली होती, बहुतेक.”

“असेल.”

“मग चूक नक्की कुठे झाली? शेवटीच ना?”

“शेवटी दिसली.”

…

त्यांनी माझ्याच पेन्सिलीने पहिला आणि शेवटचा ठिपका जोडणारी बारीक रेघ काढली. मग म्हणाले, “आता वाटा.”

“काय?”

“हे चार मिलिमीटर. सगळ्यांत. कडुनिंबाला थोडं, नळाला त्याहून जास्त. निघालो तिथून चालत जो जितका लांबचा, त्याला तितकं. जागचे हलवा एकेकाला.”

“पण सर, ज्या कोपऱ्याचं बरोबर होतं, त्याला का हलवायचं? त्याने काय केलंय?”

“कुठला बरोबर होता?”

मी कागदाकडे पाहिलं. पाचही ठिपके सारखेच निष्पाप दिसत होते. किंवा सारखेच चोर.

“नाही माहीत.”

“मलाही नाही,” सर म्हणाले.

बत्तीस वर्षं मोजणी केलेला माणूस. मला जरा भीतीच वाटली.

मी हलवायला घेतलं. कडुनिंब एक मिलिमीटरही नाही. नळ त्याहून थोडा जास्त. टाकी आणखी. एकेक ठिपका सरकवताना वाटत होतं, रात्री ज्या गोष्टींवरून डोळा लागला नव्हता त्याही अशाच कुठे कुठे… पण तो विचार मला पुरा करता आला नाही. सायकल स्टँड सरकवायचं होतं.

शेवटचा ठिपका पहिल्यावर येऊन बसला. या वेळी मी त्याला ओढून आणलं नव्हतं. तो बाकीच्यांबरोबर आला होता.

पण कागदाचं रूप! जुन्या रेघा, नव्या रेघा, मैदानाला जसं काही मैदानाचंच भूत लागलेलं. आणि मधे चार मिलिमीटरची ती फट उघडीच.

“सर, आता तरी खोडू ना? जुन्या रेघा तेवढ्या. मग सही…”

“माझ्याकडे नाही. जिच्याकडे आहे तिला विचारा.”

शरू पाच खुंट्या छातीशी धरून आली. कोपरापर्यंत मातीने भरलेली.

“शरू, खोडरबर दे.”

ती सरांकडे बघू लागली.

“दे,” सर म्हणाले.

“नाहीये.”

“नाहीये म्हणजे? हरवलास?” माझा आवाज चढला. आठवडाभर वाचलेलं सगळं बालसंगोपन त्या एका आवाजात गेलं.

“हरवला नाही. सांभाळला.” ती माझ्यापेक्षा जोरात म्हणाली. “तू सारखी मागशील म्हणून पुरून ठेवला. खुंटी काढली ना, तिथे खड्डा होता. त्याच्यात.”

सरांनी पेन काढलं. त्या भुताटकीच्या कागदावर, फटीच्या शेजारी ‘४ मि.मी.’ असं लिहिलं आणि खाली सही केली. न खोडलेल्या कागदावर. एवढीच तर सही हवी होती मला. मग हायसं का वाटत नव्हतं?

पेनाचं टोपण लावत त्यांनी शरूला विचारलं, “कुठल्या खुंटीच्या खड्ड्यात पुरलास गं?”

मला वाटलं ती मैदानाकडे हात करेल. तिने कागदाकडे पाहिलं. सगळी सकाळ ती माझ्या कोपराखालून त्याच्यातच डोकावत होती. मग मी हात धरायच्या आत तिने आपलं मातीचं बोट कागदावर टेकवलं. झेंड्याच्या खांबाजवळ. फटीवरच. फट पूर्ण झाकली गेली.

बोट उचललं तेव्हा तिथे एक तपकिरी डाग होता. आणि तो खोडायला माझ्याजवळ काहीच नव्हतं.

सर वाकले. पेनाच्या टोकाने त्यांनी डागातला एक ठिपका दाखवला, जिथून आम्ही निघालो तो. मग दुसरा, जिथे आम्ही पोचलो तो.

“यातल्या कुठल्या ठिपक्यात? या, का त्या?”

शरूने आधी सरांकडे बघितलं, मग माझ्याकडे. आम्हा दोघांची तिला कीव आली असावी.

“असं काय करता?” ती म्हणाली. “खड्डा एकच आहे.”