तांबटआळीचा शेवटचा सामना

नदीकाठच्या एका गावात एकदा एक तांबट राहत असे. त्याचे नाव निवृत्ती. हाताने तो घागरी घडवी. चित्त मात्र कबड्डीच्या मैदानात गुंतलेले असे. तांबटआळीचा स्वतःचा संघ होता, आणि त्या संघाच्या प्रत्येक सामन्याला मैदानाभोवतीच्या दोरीला टेकून घसा बसेपर्यंत ओरडणारा पहिला माणूस म्हणजे निवृत्ती. असे एक-दोन नव्हे, अठरा हंगाम गेले.

या अठरा हंगामांत संघ एकदाही बाद फेरीत पोहोचला नाही. तो नेहमीच तळाशी राहिला असता, तर निवृत्तीला ते सोसवले असते. पण तीन वेळा तो उंबरठ्यावर जाऊन परतला. एकदा एका गुणाने, एकदा नाणेफेकीने, आणि एकदा तर जिंकत आलेला सामना अखेरच्या मिनिटात गमावून. त्या तिसऱ्या पराभवानंतर निवृत्तीने आठ दिवस दुकान उघडले नाही. बायको म्हणाली, "खेळली ती पोरं, आणि अंथरूण धरलंत तुम्ही!" आळीतले लोकही हसले. तेव्हा त्याने निश्चय केला, की पुन्हा म्हणून आशा धरायची नाही.

गावाबाहेर एका मठीत एक वृद्ध बुवा राहत. निवृत्ती त्यांचा जुना शिष्य. रोज सायंकाळी तो त्यांच्याकडे पोथी ऐकायला जाई. आसक्ती हे दुःखाचे मूळ आहे, हे त्याने त्यांच्याच मुखातून ऐकले होते, आणि आता तर ते त्याला फारच पटले होते.

पुढच्या हिवाळ्यात मात्र नवलच घडले. संक्रांतीपर्यंत दहा संघांत नववा असलेला तांबटआळीचा संघ अचानक जिंकू लागला. एक सामना जिंकला, दुसरा जिंकला, पाहता पाहता लागोपाठ चार जिंकले. पहिले चार संघ बाद फेरीत जाणार होते. आता एकच सामना उरला होता; तो जिंकला की चौथे स्थान पक्के. आळीत दुसरा विषय नव्हता. निवृत्ती त्या चारांपैकी एकाही सामन्याला गेला नव्हता. कोणी विचारले तर म्हणे, "हरायचेच आहेत शेवटी. उगाच नाचू नका." पण सकाळी वर्तमानपत्र आले की तो आधी गुणतक्ता उघडी, आणि कोणाची चाहूल लागताच पान उलटून बाजारभाव वाचू लागे.

संघाचा कर्णधार होता त्याचाच धाकटा भाऊ सोपान. वय चौतीस, उजवा गुडघा कायमचा दुखावलेला. शेवटच्या सामन्याच्या आदल्या दिवशी तो दुकानात आला.

"दादा, उद्या येतोस ना?"

"मी दोरीशी उभा राहिलो की तुम्ही हरता. गेले चार सामने आलो नाही, तर जिंकताय. कशाला विषाची परीक्षा?"

"हरलो तर हरलो. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलंय, यापुढे गुडघा साथ देणार नाही. माझा हा शेवटचाच हंगाम आहे, दादा."

निवृत्तीने हातातल्या घागरीवरून नजर उचलली नाही. "सोपान, एक सांगतो. उगाच आस लावून घेऊ नकोस. आपल्या आळीच्या नशिबात ते नाही."

 "बरं," म्हणून सोपान निघून गेला. ठोके देता देता निवृत्तीच्या लक्षात आले, की भाऊ पायऱ्या उतरताना कठड्याचा आधार घेत होता. हाक मारावी असे त्याला वाटले. त्याने मारली नाही.

दुसऱ्या दिवशी सामन्याची वेळ जवळ येताच तो मठीकडे निघाला. पोथीत मन रमेल, असा त्याचा विचार. पण मठीत पाहतो तो काय! चुलीवर पुरण शिजत होते, दोन बायका कणीक तिंबत होत्या, आणि दोन वर्षांत अंगणाबाहेर पाऊल न टाकलेले बुवा डोक्याला उपरणे गुंडाळून रिक्षाची वाट पाहत होते.

"बुवा, आज कोणता सण?"

"तुमच्या आळीची मुलं सामन्यानंतर जेवायला यायची आहेत. मी मैदानावर निघालोय. चल, हात दे मला."

निवृत्ती थक्क झाला. "तुम्ही कबड्डीला? आणि हरले, तर या पुरणपोळ्यांचं काय करायचं?"

"का? हरलेल्यांना भूक लागत नाही?"

"मी नाही येत, बुवा. मी आस सोडली. तुम्हीच तर शिकवलंत."

बुवांनी त्याच्याकडे क्षणभर निरखून पाहिले. "बरं. बैस मग वाचत," एवढेच म्हणाले आणि रिक्षात बसले.

निवृत्तीने पोथी उघडली. मैदान ओढ्यापलीकडे होते. तिकडचा गलका मठीत स्पष्ट ऐकू येई. एक आरोळी उठली. आपली, की त्यांची? तो ओसरीवर आला. पुन्हा आत गेला. पुन्हा बाहेर आला, आणि शेवटी ओढ्याच्या काठावर जाऊन कान देऊन उभा राहिला. ऊन कलले. मग एक प्रचंड आरोळी उठली, चढत गेली, चढत गेली, आणि एकाएकी तुटली. मागे उरली ती शांतता त्याच्या चांगल्याच ओळखीची होती.

"हरले," तो स्वतःशी म्हणाला. "मी म्हटलंच होतं."

हे वाक्य उच्चारले की मनाला स्वस्थता येईल, अशी त्याची कल्पना होती. ती आली नाही. दर वेळी होई तसेच दुःख झाले. फरक एवढाच, की या वेळी शेजारी खांद्यावर हात ठेवायला कोणी नव्हते.

तो मठीत परतला, आणि थोड्या वेळाने संघ आला. अंगभर लाल माती, माना खाली. दोघांच्या खांद्यांवर भार टाकून सोपान येत होता. मागून रिक्षातून बुवा उतरले. ऐंशी वर्षांच्या त्या वृद्धाचा आवाज पार बसला होता. त्यांनी निवृत्तीला खुणेनेच वाढायला सांगितले.

पहिली पोळी संपली. मग एक खेळाडू म्हणाला, "पण सोपानदादाची ती चढाई!" आणि सगळेच बोलू लागले. एक गुण कमी, अखेरची चढाई. सोपानने दोघांना टिपले. चौघे त्याच्यावर कोसळले. त्या चौघांना अंगावर घेऊन तो दुखऱ्या गुडघ्यावर मध्यरेषेकडे सरकत राहिला. बोटे रेषेपासून चार अंगुळांवर उरली, आणि श्वास संपला. प्रतिस्पर्धी संघाने टाळ्या वाजवल्या, सारे मैदान उभे राहिले.

निवृत्ती तुपाची वाटी हातात घेऊन तसाच थांबला होता. सोपानने त्याच्याकडे पाहिले नाही.

पंगत उठल्यावर निवृत्ती बुवांजवळ गेला. "तुम्ही विरक्त माणूस. तुम्ही आशा धरलीत?"

"धरली ना! पुरती धरली," बुवा बसलेल्या आवाजात म्हणाले. "हरलो तेव्हा डोळ्यांना पाणीही आलं."

"मग आसक्ती सोडावी म्हणता, ते काय?"

"तू आज पोथीची किती पानं वाचलीस?"

"एकही नाही," निवृत्ती म्हणाला.

"विरक्त असतास, तर इथे सुखाने वाचत बसला असतास, नाही तर तिथे सुखाने बघत उभा राहिला असतास. तू ओढ्याकाठी कान लावून उभा होतास, हे मला तुझ्या चिखलाने भरलेल्या पायांनीच सांगितलं. निवृत्ती, तू आसक्ती सोडली नाहीस; साथ तेवढी सोडलीस. दुःख येऊ नये म्हणून दूर राहिलास. ते तुला शोधत इथवर आलंच. चुकली ती फक्त मैदानावरच्या त्या क्षणाची भेट."

"पुढच्या वर्षी जाईन, बुवा. एकही सामना चुकवणार नाही."

"जरूर जा. दुसरी मुलं खेळतील, त्यांनाही कोणीतरी लागेलच." बुवांनी अंगणातल्या सोपानकडे पाहिले. "सोपान मात्र नसेल."

दिवेलागणीला दोघे भाऊ घराकडे निघाले. सोपानचा हात निवृत्तीने आपल्या खांद्यावर घेतला होता.  ओढा ओलांडल्यावर निवृत्ती हळूच म्हणाला, "सोपान, ती शेवटची चढाई कशी झाली, मला नीट सांग ना."

सोपान चालता चालता थांबला. त्याच्या स्वरात राग नव्हता, थकवा होता.

"ती सांगण्यासारखी नव्हती, दादा," तो म्हणाला. "बघण्यासारखी होती."