डाळिंबाकडं पाठ

"माई, तुम्हाला डोळे आहेत ना?"

शलाकानं हे विचारलं तेव्हा माई मठाच्या अंगणात दगडावर बसून तूर निवडत होती. पाठ डाळिंबाच्या झाडाकडं.

"आहेत की. खडा दिसतोय मला."

"मग हे कसं दिसत नाही? हातभर अंतरावर बुलबुलचं घरटं. आत पिल्लं. आणि तुम्ही रोज त्याच्याकडं पाठ करून बसता."

माईनं खडा उचलून फेकला.

शलाका तालुक्याहून आली होती, ओढ्याकाठच्या या मठात माईपाशी शिकायला. शिकायचं राहिलं बाजूला, पोरगी माईलाच शिकवू लागली. कुंपणावरचा सरडा दाखव, भिंतीतलं गांधीलमाशीचं पोळं दाखव, ओसरीखालचं मुंगूस दाखव. दिवसभर नुसतं, माई हे बघा, माई ते बघा. वेड खरं होतं, लटकं नव्हतं. पण ज्याला वेड लागतं त्याला बाकीचे सगळे आंधळे वाटतात.

"उद्या नाहीतर परवा उडतील," ती म्हणाली. "पिल्लू पहिल्यांदा उडताना मी जन्मात बघितलं नाही. या वेळी बघणारच. शेवग्यावरचं हुकलं."

"कसं हुकलं?"

"धामणीनं खाल्ली ना पिल्लं. तुम्ही गावात गेला होता. मी सर्पमित्राला बोलावलं, तिला पोत्यात घालून लांब सोडायला लावलं."

"तरीच."

"काय तरीच?"

"कोठीत उंदीर माजलेत. तेही बघ हो. रानातलेच आहेत."

शलाका हसली नाही.

"धामणीला खाताना बघितलंस?"

"नाही. पण दुसरं कोण खाणार? मी तर सारखी जाऊन बघत होते."

माईनं सूप खाली ठेवलं. गुडघे धरत उठली आणि भिंतीपाशी गेली. तिथं करवंदीची जाळी आहे. माईनं दोन्ही हातांनी फांद्या बाजूला केल्या आणि आत बघत राहिली.

"काय आहे?"

"बघ."

शलाकानं डोकं आत घातलं. काटे लागले. आत पाचोळा, बाकी काही नाही.

"काहीच नाही की."

"बघ तरी."

दोघी बघत राहिल्या. जणू आत मोहरांचा हंडा पुरलाय.

मग माईनं तिला दंडाला धरून ओसरीवर आणलं.

"बस. गप."

…

कौलावरून कावळा उतरला. आधी भिंतीवर बसला, मान वाकडी करून अंदाज घेतला. मग सरळ करवंदीत शिरला. माईनं जिथं हात घातला होता तिथंच. पाचोळा उडवला, फांदीन् फांदी धुंडली. काही मिळालं नाही तसा पुन्हा कौलावर जाऊन बसला.

शलाकाचं तोंड उतरलं.

"तो… आपण बघितलं म्हणून आला?"

माई परत तूर निवडायला लागली होती.

"शेवग्यावर मी रोज जात होते. फांदी वाकवून फोटो काढत होते."

…

"धामण नव्हती ती."

माईनं आणखी एक खडा फेकला.

"म्हणून तुम्ही डाळिंबाकडं पाठ करून बसता?"

"तूर निवडायला उजेड इकडून येतो," माई म्हणाली.

शलाका उठली. दगड उचलला आणि कौलावर नेम धरला.

"कौल फुटलं तर वर तू चढायचंस," माई म्हणाली. "आणि उद्या माझ्या पिंडाला तोच शिवणार आहे. त्याच्याशी माझं वैर लावू नकोस."

"मग मी काय करू? निघून जाऊ इथनं?"

"डाळिंब तू त्याला कधीच दाखवलंयस. आता जाऊन काय होणार?"

…

शलाकानं दगड टाकला. डाळिंबातून पिल्लांचा आवाज येत होता. तिची मान तिकडं वळायला लागली आणि तिनं ती आवरली.

कावळा एकदा फसतो, दुसऱ्यांदा नाही. हे तिला कुणी सांगावं लागलं नाही. चुलीपाशी जाऊन तिनं आपल्या वाटणीची भाकरी घेतली, कुस्करली आणि करवंदीच्या पाचोळ्यात दडवली. मग जाळीसमोर बैठक मारली, फांद्या बाजूला केल्या आणि आत बघू लागली.

डाळिंबाकडं पाठ.

कावळा कौलावरून भिंतीवर आला.

दुसऱ्या दिवशीही तेच. ऊन चढलं तरी पोरगी हलली नाही. ती जरा मागं सरली की कावळा जाळीत शिरायचा, तुकडा घेऊन भिंतीवर बसायचा. की पुन्हा हिची नजर जाळीत आणि त्याची हिच्यावर.

गावातली कौसाबाई दर्शनाला आली ती बघतच राहिली.

"काय ग पोरी, करवंदीला अजून फूल आहे. खायला आत्तापासून बसलीस होय?"

"बसू द्या," शलाका म्हणाली.

"माई, हिला काय झालंय?"

"शिकतेय."

"करवंदीकडनं?"

"माझ्याकडनं तर काही शिकली नाही."

कौसाबाई हसत देवळीकडं वळली आणि तिथंच थबकली.

"अगं बाई… पिल्लू. घरट्यातनं फांदीवर आलंय. पोरी, मागं बघ ना. ते बघ, ते…"

"कौसा," माई हळूच म्हणाली, "बोट खाली कर. देवाकडं बघ."

कौसाबाईनं बोट खाली केलं. काही समजलं नाही तरी हात जोडले आणि डोळे मिटून घेतले.

शलाकाच्या पाठीमागं पंख फडफडले.

थांबले.

पुन्हा फडफडले. या वेळी जरा लांब.

शलाकानं करवंदीची फांदी मुठीत धरली. काटे आत गेले. तिनं मूठ सोडली नाही आणि मान वळवली नाही. भिंतीवर कावळा होता. तो तिच्याकडंच बघत होता. तीही पापणी न हलवता पाचोळ्यात बघत राहिली.

मागं आणखी एकदा पंख वाजले. मग ओढ्याकडच्या झुडपातून बुलबुलची हाक आली.

मग काही नाही.

…

कौसाबाई कधीच घरी गेली. दिवस कलला. कावळ्यानं चोच भिंतीला घासली आणि आपल्या मुक्कामाच्या झाडाकडं उडून गेला.

"वळ आता," माई म्हणाली.

शलाका वळली. डाळिंबाच्या फांदीवर रिकामं घरटं होतं.

"सगळी गेली?"

"गेली."

"धड?"

"धड."

शलाका घरट्याकडं बघत राहिली. हातातला काटा काढायचंही तिला सुचलं नाही.

"माई… मला एकसुद्धा दिसलं नाही."

माईनं सूप झटकलं.

"त्यांनाही तू दिसली नाहीस."