देव सार्वकालिक यांचे वारस

मंगळवार, ७ फेब्रुवारी २०२३. सकाळी धुके, दहानंतर कोरडे ऊन.

आमच्या वाघझरीच्या चर्चच्या जागेचा आज तालुक्याला निकाल होता. एकशे बारा वर्षांपूर्वी जागा देणाऱ्याने सातबाऱ्यावर मालक म्हणून ‘सार्वकालिक देव’ असे नाव लावले होते. नवे मंडळ अधिकारी कळंबे साहेब यांनी ‘देव’ हे आडनाव समजले.

“हे देव गृहस्थ एव्हाना वारलेच असणार,” ते म्हणाले. “आज वारस लावा, नाहीतर जागा सरकारजमा.”

पाळक पिशवीतले जुने कागद शोधू लागले. चर्च झाडणाऱ्या सालोमीबाई पुढे झाल्या.

“साहेब, ते वारणाऱ्यातले नाहीत. सार्वकालिक म्हणजे आधीपासून आहेत आणि कायम राहणार.”

“कायमचं कोणी नसतं, बाई. कधी मेलेच नाहीत का?”

“एकदा मेले होते, क्रुसावर, शुक्रवारी. पण शनिवार-रविवार कचेरी बंद. सोमवारी दाखला काढावा, तर रविवारी पहाटेच उठले.”

शिपायाने तोंड फिरवून हसून घेतले. साहेबांनी चष्मा काढला. “ते राहू द्या. वारस दाखवा.”

“वारसांना काय तोटा? बाहेर ओट्यावर त्रेचाळीस लेकरं बसलीत त्यांची. पण बाप हयात असताना वारस लावतात का, साहेब? तुम्ही मृत्यूचा दाखला दाखवा, आम्ही लगेच सह्या करतो.”

साहेबांनी बराच वेळ कागद चाळले. बारा वाजून वीस मिनिटांनी त्यांनी फायलीवर शेरा लिहिला: ‘खातेदार हयात. वारस नोंदीची आवश्यकता नाही.’