येसूची चूल

आज उनझऱ्याला लोक संधिवात घेऊन गाडीनं येतात, लॉजवर उतरतात आणि फरसबंद कुंडात पाय सोडून बसतात. फार वर्षांपूर्वी यातलं काही नव्हतं. जांभ्या दगडातून वाफाळतं पाणी येई, खाली एक खळगा होता आणि त्याची राखण येसू गुरवीण करी. पाणी इतकं कढत, की थेट उतरणारा सोलूनच निघाला असता. येसू शेजारच्या ओहोळाचं गार पाणी त्यात सोडी, कोपर बुडवून बघे आणि मग पायरीवरून विचारी, "कुणाचं जास्त दुखतंय?" जो हात वर करील तो आधी उतरे.

एका शिमग्याला गावचे खोत पालखीआधी स्नानाला आले. खळग्यात एक परगावची बाई पायाच्या जखमा शेकत बसली होती. येसू म्हणाली, "खोत, वाईच थांबा. तिला आत्ता कुठं बरं वाटतंय."

खोतांना थांबायची सवय नव्हती. त्यांनी दुसऱ्याच दिवशी झऱ्याच्या तोंडावर शिळा बसवली आणि खळगा आटला. दुखणाईत माणसं येऊन हात हलवत परत जाऊ लागली. येसूच्या जिवाला घोर लागला.

असं म्हणतात, एका सकाळी तिची चूल पेटेना. राख ओली लागली, मग ऊन लागली, आणि बघता बघता चुलीतून कढत पाणी उसळलं. तेवढं एक घरच तिचं होतं. माती लोटून झरा बुजवला असता तर ते वाचलं असतं. ती उंबऱ्यावर बसून पोटभर रडली. मग कुदळ घेतली आणि माणसांना आत येता यावं म्हणून स्वतःच्या हातानं भिंत पाडली.

पुढे खोतांचेच गुडघे धरले. लोकांनी त्यांना उचलून आणून रांगेत बसवलं. येसूनं नेहमीसारखंच विचारलं. सगळे खोतांकडे बघू लागले. खोतांनी हात उचलला, असं म्हणतात, आणि शेजारी बसलेल्या भाजलेल्या पायाच्या कुळवाडणीकडे बोट केलं.

"हिचं," ते म्हणाले.

कुंड अजून त्या चुलीच्याच जागी आहे. शिमग्यात एक दिवस उनझऱ्यात कुठेच चूल पेटत नाही, लॉजवरसुद्धा गारच खावं लागतं. आणि रोज उजाडताना खोतांच्या घरातलं कुणीतरी पायरीवर येऊन विचारतं, "कुणाचं जास्त दुखतंय?" लांबून आलेली माणसं तेव्हा आधी शेजारच्याकडे बघतात, आणि मग हात वर करायचा की नाही ते ठरवतात.