पुढच्याची ओ

"काका, उद्या पुढे तुम्हीच राहाल ना?"

धुक्यातून ओ आली नाही.

एवढंच झालं. पण तेवढ्यानं स्वरूपानं ब्रेक दाबला.

कारण सुभेदार ढमाळ एक वेळ उत्तर द्यायचे नाहीत, पण ओ द्यायचेच. डोंगरातल्या सायकलवाटेवर त्यांचा एकच कायदा होता. प्रत्येक वळणाला मागच्यानं हाक मारायची, पुढच्यानं ओ द्यायची. बाकी काय बोलायचं ते खाली चहाला बसल्यावर.

सुभेदार मूळचे वाईकडचे. फौजेत बत्तीस वर्षं डोंगर फोडून रस्ते केले, आणि निवृत्तीनंतर गावी न जाता हिमाचलातच राहिले, देवदार संपून गवताळ माथे सुरू होतात तिथं. मेंढपाळांच्या जुन्या पायवाटा नीट करून त्यांनी सायकलच्या वाटा केल्या. वाटेच्या कडेला रंगवलेले दगड. हिरवा नवशिक्यांसाठी. निळा सरावलेल्यांसाठी. आणि काळा?

"घरी ज्यांची कुणी वाट बघत नाही त्यांच्यासाठी," असं ते हसून सांगत.

स्वरूपा सांगलीची. वाटाड्या व्हायचं म्हणून वीस दिवस त्यांच्याकडे शिकत होती. उद्या नाशिकच्या पाच काकू हिरव्या वाटेनं उतरणार होत्या. त्यांच्यापुढे कोण जाणार, हे सुभेदारांनी आज सकाळी भाकरी मोडता मोडता सांगून टाकलं होतं.

"तू."

तिनं हातातला घास ताटात ठेवला. आपल्याला जमणार नाही, हे सांगायचं तिनं तेव्हाच ठरवलं होतं. फक्त तोंडावर सांगायची छाती नव्हती. पाठीला सांगणं सोपं, म्हणून या वळणापर्यंत थांबली होती.

आणि आता पाठच दिसत नव्हती.

"काका?"

धुकं दरीतून वर सरकत होतं. मघाशी वीस हात दिसत होतं, आता पुढचं चाकसुद्धा पांढुरकं झालं होतं...

पहिल्याच दिवशी तिनं त्यांना विचारलं होतं, "काका, भीती जायला किती दिवस लागतात?"

त्यांनी तिची सायकल आडवी केली. मागच्या ब्रेकच्या चकतीला बोट लावलं आणि झटकन काढून घेतलं.

"तापलीय."

"मी भीतीचं विचारलं."

"मग मी काय भाजीचं सांगतोय?"

"पण ती जाते कशी?"

"मानसशास्त्र तू शिकलीस, बाई. मी दहावी नापास."

वीस दिवसांत ती एकदाही पुढे गेली नव्हती. त्यांचं पिवळं जाकीट दिसलं की तिचा जीव थाऱ्यावर. जिथं त्यांचं चाक, तिथं तिचं चाक.

खाली पोचल्यावर ते विचारायचे, "वाट कशी होती?"

"छान होती."

"जाकीट होतं ते."

...

"काका, ओ द्या ना!"

तिनं पॅडल मारलं. पुढे असतील. वेग धरला असेल त्यांनी, किंवा टोपी कानावर ओढली असेल.

वाट खाली वाकली. जरा जास्तच वाकली. हिरवी वाट इतकी उतरते? चाकाखाली खडी नव्हती, दगड होते, पायऱ्यांसारखे एकाखाली एक. पुढचं चाक धपकन खाली गेलं आणि तिचे दात एकमेकांवर आपटले. घाबरलं की उतार वाढल्यासारखा वाटतो, असं तिनं स्वतःलाच सांगितलं. बोटं ब्रेकवर गेली. पण थांबलं तर ते आणखी लांब जाणार... बोटं सुटली.

सायकल दगडावरून दगडावर उतरत गेली. ती सीटवरून उठून मागे सरकली, कोपर सैल सोडले, श्वास घ्यायला विसरली. उजवीकडे काहीच नव्हतं, नुसतं पांढरं. त्या पांढऱ्यात खूप खाली कुठंतरी पाणी वाजत होतं.

मग एकदम सपाटी लागली. ओढा. त्यावरचा लाकडी पूल.

पुलाच्या फळ्यांवर पातळ दव गोठलं होतं. पांढरं, सारखं, सायीसारखं.

त्यावर चाकाची खूण नव्हती.

पुलाअलीकडे ओला चिखल होता. तिनं वाकून पाहिलं. एकच माग... तो तिचाच.

म्हणजे काका इथवर आलेच नव्हते.

तिच्या हातून सायकल निसटून पडली. त्या आवाजानंच ती दचकली. म्हणजे मध्येच कुठंतरी. वळणावर. साठी उलटलेला माणूस, डाव्या गुडघ्यात फौजेतली सळई. आणि आपण त्यांच्या अंगावरूनच खाली आलो, आपल्याला दिसलंसुद्धा नाही.

ओढ्यात काहीतरी पिवळं हललं.

कठड्याला धरून ती वाकली. डोळे मिटले, उघडले... झेंड्याचं फाटकं कापड. कुठल्या तरी देवळावरून वाहत आलेलं, दगडाला अडकलेलं.

तिनं फोन काढला. रेंज नव्हती. इथं ती कधीच नसते, हे माहीत असूनही तिनं फोन तीनदा वर धरून पाहिला.

मग ती आली त्या वाटेनं चढायला लागली. हातांनी दगड धरत. पन्नासेक पावलांवर, वाटेच्या कडेला, एक रंगवलेला दगड होता.

काळा.

ती तिथंच उभी राहिली.

वर खडकाजवळ वाट फुटते. हिरवी डावीकडून टेकाडाला लांब वळसा घालून पुलाशी येते. काळी उजवीकडून सरळ खाली येते, त्याच पुलाशी. वीस दिवस ती त्या फाट्याकडे मान वळवूनही बघत नव्हती.

आपण उतरलो त्या दगडांकडे तिनं आत्ता मान वर करून पाहिलं.

म्हणजे काका पडले नव्हते. हिरव्या वाटेनं येत असतील. ती घसरत पुन्हा पुलाशी आली आणि हिरवी वाट जिथून बाहेर पडते तिकडे तोंड करून उभी राहिली.

कुणी आलं नाही.

कितीही हळू आले तरी एव्हाना यायला हवे होते. हिरव्या वाटेलाही एक वळण असं आहे, जिथं कडेला काही नाही. तिथं ते रोज उतरून सायकल हातानं नेतात. आज धुक्यात उतरले असतील ना?

"काका!"

ओढा वाजत राहिला.

"सुभेदार!" तिनं आयुष्यात पहिल्यांदा त्यांना अशी हाक मारली. आवाज टेकाडावर आपटला आणि फुटका होऊन परत आला. घसा सोलवटल्यासारखा झाला. आणखी एकदाच, असं म्हणून ती चार वेळा ओरडली. उद्याच्या पाच काकू, त्यांची हेल्मेटं, आपलं 'जमणार नाही', यांतलं काही तिच्या डोक्यात उरलं नव्हतं. फक्त एक ओ हवी होती. कुठूनही.

...

खडे घरंगळले.

समोर नाही. पाठीमागे.

ती गर्रकन वळली. काळ्या वाटेच्या धुक्यात आधी एक चाक दिसलं, मग हातानं धरलेली सायकल, मग गुडघ्यापर्यंत चिखल, मग पिवळं जाकीट. सुभेदार वरच्या फाट्यापासून तिच्या चाकाचा माग वाकून बघत, एकेक दगड चाचपत उतरत होते. कपाळावर घाम होता. छाती भात्यासारखी चालली होती. हात कापत होते, तिच्यासारखेच.

पुलाशी येऊन ते थांबले. तिच्याकडे नखशिखान्त पाहिलं. मग पुढच्या कोऱ्या फळ्यांकडे.

"ओ..." ते म्हणाले. "जरा हळू जा गं. मागं माणूस आहे."